खाष्ट आत्या कोणाला शोभते

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात खुर्ची मागे कलली, तोंडात कापसाचे बोळे गेले आणि लाळ ओढणारी नळी गालात अडकली, की पेशंटची बोलती बंद व्हायची आणि बाईंची सुरू व्हायची. विषय ठरलेला असे. काल संध्याकाळच्या मालिकेत कोणतं काम कोणाला दिलंय, आणि देताना देणाऱ्याचे डोळे कुठे गेले होते.

बाईंचा हात हलका होता, म्हणून लोक लांबून लांबून यायचे आणि हे सगळं मुकाट ऐकून घ्यायचे. बाई दाढ कोरता कोरता सांगायच्या, की वर्षानुवर्षं तुरुंगात खितपत पडलेला माणूस सुटून येतो आणि हसतो, तर दात कसे, बाथरूमला नव्या फरश्या बसवल्यासारखे. ती सर्जन झालेली मुलगी, तिची नखं एवढी वाढलेली की पोट उघडायला तिला वेगळी सुरी लागू नये. आणि आई तर मुलाहून लहान. दोघांना एका बाकावर बसवलं तर लोक लग्न कधी केलंत म्हणून विचारतील. पेशंट घशातून "अं" असा आवाज काढायचा. बाई ती सहमती धरायच्या.

घरी मात्र असं फुकटचं बहुमत मिळत नसे. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बाईंचं घर आणि त्याच्या वर धाकट्या दिरांचं. मालिका लागायच्या आधी जाऊबाई खाली यायच्या. त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायच्या. डॉक्टरीणबाईंचे यजमान लिफ्टच्या कंपनीत होते. दिवसभर लोकांना वरखाली नेणारी यंत्रं दुरुस्त करून ते दमून यायचे आणि वाद जिकडे कमी पडेल तिकडून बोलायचे. आणि मधोमध, पाय लांब करायच्या खुर्चीत, सासूबाई. त्यांना सगळे अक्का म्हणत. अक्कांच्या तोंडात सुनेनेच बनवलेली कवळी होती, आणि त्या कवळीतून निघणारा शब्द शेवटचा असे. या घरात मालिका बघत नसत, तिच्यावर खटला चालवत.

अशात एका दुपारी गाल टम्म सुजलेले एक गृहस्थ दवाखान्यात आले. सुटसुटीत बांध्याचा माणूस, डोक्याला टक्कल, नजर मात्र समोरच्याचं माप घेणारी. खालची दाढ मुळापासून सडलेली होती. बाईंनी इंजेक्शन दिलं, तोंड उघडायला लावलं आणि नेहमीप्रमाणे त्या नखंवाल्या सर्जनवर घसरल्या. मग तरुण आईवर. मग एकूणच मालिकेसाठी माणसं निवडणाऱ्यावर. हा कोण शहाणा असेल, त्याला स्वतःच्या घरी कोणी विचारत नसणार, अशा सुरात त्यांनी दाढेचं पहिलं मूळ साफ केलं. गृहस्थ घामाघूम झाले. बाईंना वाटलं दुखतंय, म्हणून त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

बोळे निघाले तेव्हा गृहस्थांचा अर्धा ओठ मेलेला होता. ते काहीतरी म्हणाले. बाईंना वाटलं पाणी मागतायत. मग गृहस्थांनी लोंबता ओठ बोटाने वर धरला आणि सावकाश सांगितलं,

"बाई, तो शहाणा म्हणजे मी."

बाईंची दातखीळ बसली. दवाखान्यातल्या सिस्टरबाई हसू आवरेना म्हणून निर्जंतुक भांडी पुन्हा निर्जंतुक करायला आत गेल्या.

दाढेचं काम एका बैठकीत संपणारं नव्हतं. पुढच्या वेळी गृहस्थ मुद्दाम लवकर आले, इंजेक्शनच्या आधी आपली बाजू मांडायला. त्यांनी सांगितलं, की सर्जनसाठी पहिली जी ठरली होती तिला दिवस गेले. दुसरीला खोटं रक्त बघूनही घेरी आली आणि ती कॅमेऱ्यावर पडली. तिसरी ही. तिची नखं कापता येत नव्हती, कारण ती नेलपॉलिशच्या जाहिरातीत होती आणि तसा करार होता. आणि तरुण आईचं म्हणाल तर मुलाचं काम करणारा नट चाळिशीला आलाय हे त्याला कोणी सांगायचं, हाच मोठा प्रश्न होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तोंड उघडायला सांगितलं. मग पुढचा अर्धा तास बाईंची बाजू चालली.

असं करता करता दोघांची गट्टी जमली. दाढेवर टोपी बसली त्या दिवशी गृहस्थ आरशात बघून म्हणाले, की मालिकेत एक नवीन बाई येणार आहे. घरच्या माणसांना न विचारता येऊन राहणारी खाष्ट आत्या. तिच्या नुसत्या चाहुलीने घराची पाचावर धारण बसली पाहिजे. तुमचा दवाखाना बंद असेल त्या दिवशी या आणि तुम्हीच निवडा. फक्त अट एक: निवड तुमची हे घरात कोणाला सांगायचं नाही, आणि लोक काय बोलतात ते निमूट ऐकायचं.

बाईंनी अट मान्य करताना जराही विचार केला नाही. त्यांना वाटलं, यात ऐकण्यासारखं काय असणार, कौतुकच असणार.

निवडीची खोली बघून त्या हिरमुसल्या. त्यांच्या मनात काहीतरी झगमगीत होतं. इथे एका भिंतीला निळं कापड, समोर तिपाईवर कॅमेरा, एक डोळे दिपवणारा दिवा आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. बाहेरच्या जिन्यात बायका रांगेने उभ्या होत्या आणि सगळ्या ओठातल्या ओठात एकच वाक्य घोकत होत्या. आत्या घरात शिरते आणि सुनेला म्हणते, "दार लावून घेतेस का, बाळ?" एवढंच.

पहिली आली ती बघताच बाई म्हणाल्या, हीच. उंच, ताठ, भुवया धनुष्यासारख्या. गृहस्थांनी शांतपणे आत्याच्या भावाचं काम करणाऱ्या नटाला तिच्याशेजारी उभं केलं. नट तिच्या खांद्याला लागत होता. दुसरीचा आवाज छान करडा होता, पण आवाज चढवला की तिचं तिलाच रडू येई. तिसरी फार चांगली होती, पण तिला फक्त उन्हाळ्यात वेळ होता. चौथीने दार लाव असं म्हणून स्वतःच जाऊन दार लावलं आणि परत आत यायलाच विसरली. दुपारपर्यंत डॉक्टरीणबाईंचं डोकं भणभणलं. आजवर ज्यांना ज्यांना नावं ठेवली ते सगळे कोणत्या जिन्यातून चढून आले असतील, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं.

तेवढ्यात एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई दारातून डोकावली. खोली चुकली होती तिची. तिला शेजारणीच्या कामासाठी बोलावलं होतं, एकाच वाक्याच्या. तिच्या पुढच्या दोन दातांत चांगली रुंद फट होती आणि आवाज बालवाडीतल्या बाईंसारखा गोड. गृहस्थ तिला पलीकडची खोली दाखवणार, एवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आलीच आहे तर तिलाही वाक्य म्हणू दे.

ती निळ्या कापडासमोर उभी राहिली. पदराने कपाळ टिपलं. मग अगदी मायेने, हसून म्हणाली, "दार लावून घेतेस का, बाळ?"

'घेतेस'मधल्या 'स'ला त्या फटीतून बारीक शीळ निघाली. डॉक्टरीणबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्या मागचं दार आता कायमचं बंद होणार, असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं.

"ही," त्या म्हणाल्या.

गृहस्थ म्हणाले, चॅनेलवाले मला कच्चं खातील. बाई म्हणाल्या, उलट चावायला तुमची दाढ आता पक्की आहे. गृहस्थांनी बराच वेळ टकलावरून हात फिरवला आणि त्या बाईचं नाव लिहून घेतलं.

नवी आत्या पडद्यावर आली त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. आत्या दारात उभी राहिली, हातात पिशवी, तोंडावर ते गोड हसू. मग यजमान म्हणाले, की ही खाष्ट आत्या की शेजारून वाटीभर साखर मागायला आलेली? जाऊबाई म्हणाल्या, हिचा कोणीतरी मामा त्या कंपनीत असणार, दुसरं शास्त्रीय कारण दिसत नाही. अक्कांनी कवळी काढून वाटीत ठेवली. खटला सुनावणीलाही घेण्याच्या लायकीचा नसला की त्या असं करत.

डॉक्टरीणबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आधी त्या गप्प बसल्या, कारण अट तशी होती. मग म्हणाल्या, जरा धीर धरा. मग म्हणाल्या, वाईट माणसाच्या कपाळावर काय पाटी असते का? मग उभ्या राहून म्हणाल्या, की तिच्या 'स'कडे लक्ष द्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. लग्न होऊन आल्यापासून बाईंनी कुठल्याही नटाची बाजू घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. यजमानांनी हळूच त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

पुढचे काही दिवस दवाखान्यातली हवाच पालटली. बाई आता पेशंटला खरोखर विचारायला लागल्या, आणि उत्तर यावं म्हणून मधूनच नळी काढायच्या. एका कारकुनाने तोंड उघडं असतानाच नकारार्थी मान हलवली आणि बाईंच्या हातातली सुई त्याच्या जिभेला लागता लागता राहिली. केक बनवणाऱ्या एका मुलीने मात्र सांगितलं, की आत्या बोलली की तिला पोटात गार पडल्यासारखं होतं. बाईंनी तिचे दात फुकट घासून दिले आणि वर एक ब्रशही दिला.

घरचं मत फिरायला जरा वेळ लागला. पहिल्या हलल्या त्या अक्का. एका संध्याकाळी आत्याने सुनेच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला, तोही तिच्या केसांवरून हात फिरवत, "दमतेस गं तू" असं म्हणत. शीळ वाजली. अक्कांनी घाईघाईने कवळी तोंडात बसवली. म्हणाल्या, "या बाईला कोणीतरी जिन्यावरून ढकलून द्या." डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे एकट्याच नाचल्या. यजमान पाणी प्यायला आले, त्यांनी ते बघितलं आणि पाणी न पिताच परत गेले.

हळूहळू रस्त्यात, दुकानात, बँकेच्या रांगेत आत्याच आत्या झाली. जाऊबाईंनीही एवढं कबूल केलं, की परिणाम दिसतो आहे. कारण अजून सिद्ध व्हायचं आहे.

आणि एक दिवस आत्या स्वतः दवाखान्यात आली. गृहस्थांनीच पाठवलं होतं. बाईंना बघून ती त्यांच्या पायाच पडायला निघाली; तिला कोणी निवडलं ते तिला माहीत होतं. मग खुर्चीत बसून म्हणाली, की फट बुजवून द्या. चॅनेलवाल्यांना ती आता पोस्टरवर हवी होती आणि पोस्टरवर फट चांगली दिसत नव्हती.

हे शक्य नाही, असं बाई जवळजवळ ओरडल्याच. फट म्हणजे तर सगळं काम होतं, शीळ गेली तर आत्या राहीलच कुठे, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं. मग ती शांतपणे म्हणाली, "बाई, ती फट तुम्हाला आवडते. शाळेत मला पोरं तिच्यातून पेन्सिल जाते का बघायची."

हे तोंड मालिकेचं नव्हे, हिचं आहे, ही गोष्ट दातांची डॉक्टर असून आपल्या ध्यानात येऊ नये याची बाईंना लाज वाटली. त्या म्हणाल्या, की आधी तात्पुरतं लावून देते. दाताला काही करायचं नाही, वरून नुसता लेप. आवडलं तर पक्कं करू. आत्याने मान डोलावली. बाईंनी दोन दातांमध्ये तो पांढरा लेप बसवला, निळ्या प्रकाशाने घट्ट केला आणि हातात आरसा दिला.

आत्या किती तरी वेळ बघत राहिली. ती खरोखर सुंदर दिसत होती. तिने ओठ मिटून, उघडून, तिरपं होऊन बघितलं. मग सहज म्हणून आपलं वाक्य म्हटलं. दार लावून घेतेस का, बाळ. शीळ नव्हती. एक गोड बाई कोणाला तरी दार लावायला सांगत होती, बस्स. दोघी एकदम खो खो हसत सुटल्या.

नेमक्या त्याच वेळी बाहेरच्या खोलीत अक्का बसल्या होत्या. कवळी हिरडीला टोचत होती म्हणून त्या खाली आल्या होत्या, आणि कवळी सिस्टरबाईंनी आत धुवायला नेली होती. आतून ओळखीचा आवाज येताच अक्का उठल्या, दार ढकलून आत शिरल्या आणि खुर्चीत साक्षात आत्या बघून त्यांनी जो तोंडाचा पट्टा सोडला, त्याला तोड नव्हती. दात नसल्यामुळे निम्मे शब्द हवेत विरत होते. पण मुद्दा पोचत होता: किल्ल्या परत दे, त्या पोरीचा छळ थांबव, आणि माझ्या सुनेच्या खुर्चीत बसायचं तुझं काम काय.

आत्या मोठी नटी होती. ती उठली, अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने म्हणाली, "दमलात हो तुम्ही. किल्ल्या माझ्याकडेच राहू देत."

अक्का दोन पावलं मागे सरल्या आणि खाली स्टुलावर बसल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या बोळक्या तोंडाने अशा हसल्या, की हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. सिस्टरबाई कवळी घेऊन धावत आल्या. त्या गोंधळात आत्या बोलून गेली, की मला तर तुमच्या सूनबाईंनीच निवडलं. झालं, अट मोडली. अक्कांनी कवळी बसवली, सुनेकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणून तू स्वयंपाकघरात नाचत होतीस होय."

आत्या तो लेप लावूनच बाहेर पडली. सरळ बेकरीत गेली, मग भाजीवाल्याकडे, मग चपलांच्या दुकानात. संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या सुमाराला ती परत आली. बाईंनी विचारलं, लोक काय म्हणाले. ती म्हणाली, कोणी काहीच म्हणालं नाही, हीच तर पंचाईत. एरवी बेकरीवाला तिला बघून मुद्दाम करपलेला पाव द्यायचा. आज मऊ पाव दिला, वर थँक्यू म्हणाला. बसच्या रांगेत पुढच्या दोघी आत्याला शिव्याशाप देत होत्या आणि तिच्याकडेच वळून विचारत होत्या, तुम्ही बघता का हो? ती अर्धा दिवस चारचौघींसारखी सुंदर बाई म्हणून फिरली होती.

"छान वाटलं," ती म्हणाली. "हौस फिटली. आता काढा."

बाईंनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग लेप काढला. पोस्टरवर फट तशीच आली, आणि भिंतीभिंतीवर पोरांनी तिच्यात काळ्या पेनाने आणखी भर घातली.

अक्कांनीच तिला घरी चहाला बोलावलं. आली त्या संध्याकाळी मालिकेची वेळ झाली, तेव्हा सगळे एका रांगेत बसले. आत्या मध्ये, अक्का तिच्या शेजारी, कपाटाच्या किल्ल्या मुठीत धरून. पडद्यावरची आत्या सुनेला तिच्याच घरात पाहुणी करून टाकत होती. सोफ्यावरची आत्या थोडा वेळ बघत राहिली, मग तिने कपाळाला आठी घातली. म्हणाली, की मला हे काम द्यायलाच नको होतं. चालते बघा कशी, बदकासारखी. याला कोणीतरी थंड डोक्याचं हवं होतं. तिने जाऊबाईंकडे नीट वळून बघितलं. "या शोभल्या असत्या."

जाऊबाईंनी विचारलं, की मी खाष्ट दिसते याला पुरावा काय. यजमान म्हणाले, पुरावा आहे, पण तो द्यायला मी आधी वरच्या मजल्यावरून भावाला बोलावतो. डॉक्टरीणबाई तावातावाने उभ्या राहिल्या आणि आत्यालाच सांगायला लागल्या, की तुला आत्यातलं काहीही कळत नाही. आत्या म्हणाली, मी करते आणि मलाच कळत नाही? अक्कांनी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, कारण पडद्यावर आता काय बोलणं चाललंय ते ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी स्वतःच टीव्हीचा आवाज बारीक केला आणि शेजारच्या आत्याला म्हणाल्या, की चालण्याचं तू म्हणतेस ते खरं आहे, जरा उठून चालून दाखव बघू.